जाहिरातीत पगाराचा आकडा छापायची सक्ती महाराष्ट्राने करावी का?

हजेरीबुक:
केंद्राची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली आणि १९७६ चा समान वेतनाचा कायदा तिच्यात गेला. कलम ३ नुसार एकाच मालकाकडे सारख्या कामाला लिंगावरून कमी-जास्त पगार देता येत नाही. पण शेजारच्या टेबलावर किती मिळतात हेच माहीत नसेल तर दावा लावायचा कशाच्या जोरावर? अमेरिकेत कोलोरॅडोने १ जानेवारी २०२१ पासून जाहिरातीत किमान-कमाल पगार छापायला लावला. चुकल्यास ५०० ते १०,००० डॉलर दंड. कॅलिफोर्नियात तर २०१८ पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारताच येत नाही. कामगार विषय समवर्ती सूचीत आहे. राज्याने दुरुस्ती करावी, राष्ट्रपतींची संमती घ्यावी.

आस्थापना विभाग:
कोलोरॅडोचं पुढचंही सांगा की. घरून करायच्या कामाच्या जाहिरातींत काही कंपन्यांनी सरळ छापलं, 'कोलोरॅडोतल्यांनी अर्ज करू नये'. तिथल्या कामगार खात्याला खुलासे काढावे लागले. वॉशिंग्टन राज्यात एका जाहिरातीमागे अर्जदाराला ५,००० डॉलर भरपाई होती, तर दाव्यांचा पाऊस पडला. २०२५ मध्ये ती १०० ते ५,००० केली आणि जाहिरात दुरुस्त करायला कामाचे पाच दिवस दिले. आणि आपल्याकडे आकडा म्हणजे सीटीसी, कंपनीला माणसामागे पडणारा एकूण खर्च. मालकाच्या हिश्श्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल, सगळं त्यात. दोन जाहिरातींतले १२ लाख सारखे कधी असतात?

हजेरीबुक:
मग सीटीसी छापूच देऊ नका. संहितेत 'वेतन' म्हणजे काय ते लिहिलेलं आहे, तेच छापा. समान वेतन तपासताना घरभाडे भत्ता, प्रवासभत्ता आणि ओव्हरटाइमही धरायचा, असंही तिथेच आहे.

कलम ४५:
कायद्याने द्यावा लागणारा बोनस आणि कमिशन मात्र धरायचं नाही. विक्री खात्यात खरी तफावत तिथेच असते, त्यामुळे छापलेला आकडा सारखा दिसूनही बाई मागेच राहील.

मला जास्त खटकतं ते दुसरंच. जुन्या कायद्यात 'सारखं काम' कौशल्य, श्रम आणि जबाबदारी यांवर ठरायचं. संहितेने त्यात 'अनुभव' घातला. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या खटल्यात मुंबईतल्या ऑड्री डिकॉस्टा या स्टेनोग्राफर होत्या, पुरुष स्टेनोंपेक्षा पगार कमी. स्त्री स्टेनोंचा वर्ग वेगळा, युनियनशी तसा करार झालाय, कंपनीची ऐपत नाही, यातलं एकही कारण १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टात टिकलं नाही. आता मालकाला एवढी कसरत करायला नको, 'त्याचा अनुभव जास्त' म्हटलं की झालं.

दावा लावायचाच असेल तर पदनामाच्या मागे लागू नका. दोघांची नेमणूकपत्रं, केआरए (कामाची ठरवून दिलेली जबाबदारी), कोण कोणाच्या रजेत कोणाचं काम बघतो ते मेल, हे गोळा करा. बदली काम हा सर्वांत पक्का पुरावा. मुदत तीन वर्षं. अर्ज युनियनलाही करता येतो आणि भरपाई थकलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत जाऊ शकते. मालकाला पहिल्या गुन्ह्यात फक्त दंड, तोही फार तर ५०,०००. पुण्यातल्या कंपनीचा त्याने चहापाण्याचा खर्चही हलत नाही.

उसाचा फड:
हे सगळं एसीतलं झालं. ऊसतोडीच्या फडात जाहिरात कसली? नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मजूर आणणाऱ्या मुकादमाकडून, बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर, आणि दर टनाला. बाई पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, पण तिची मजुरी वेगळी निघतच नाही. मग कलम ३ लावून तुलना कोणाशी करायची? पावतीवर दोघांची नावं आणि पैसे दोन खात्यांत अर्धे-अर्धे, एवढं करा आधी.

आस्थापना विभाग:
कारखान्याच्या वजनकाट्याची पावती वाहनावर निघते. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळीत टनेज मुकादम कोयत्यांवर वाटतो. कारखान्याला जोडपं दिसतच नाही, तो नावं कुठून लिहिणार?

उसाचा फड:
मग बैलगाडीपासून धरा. तिथं गाडी एक, जोडपं एक, पावती एक. टोळीसाठी मुकादमाची वाटणीवही कारखान्याच्या शेतकी खात्यात जमा करायला लावा. आणि खाती दोन झाली की उचलीची वजावट बाईच्या खात्यातून आधी होणार नाही, हेही त्याच नियमात लिहा. नाहीतर तिच्या नावावर फक्त कर्ज चढेल.