वेग वाढला की घूंऽऽ आवाज: बेअरिंग की टायर?

प्रश्न: ताशी ५० किमीच्या पुढे पुढच्या चाकाकडून घूंघूं येते, वेगाबरोबर वाढते. न्यूट्रल केलं तरी थांबत नाही. काय तपासावं?

उत्तर: आवाज न्यूट्रलमध्येही येतोय, म्हणजे बहुधा इंजिन नाही. मोकळ्या रस्त्यावर हलकी वळणं घ्या. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो. तेव्हा आवाज वाढला तर डाव्या बेअरिंगवर (चाक ज्यावर फिरतं तो भाग) संशय. मग गाडी जॅकस्टँडवर, म्हणजे खालून आधार देणाऱ्या पक्क्या स्टँडवर, चढवा (नुसत्या जॅकवर अजिबात नको), चाक हाताने फिरवत सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बोटं लावा. खरखर बोटांना लगेच कळते.

उत्तर: त्याआधी टायरवर तळहात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने दातेरी लागला तर टायरच. पुढची-मागची चाकं आपसात बदला, आवाजही जागा बदलेल.

उत्तर: पूर्ण वळणावर कटकट असेल तर मात्र सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा सांधा), त्याचं रबरी आवरण (बूट) फाटून ग्रीस उडालंय का बघा.