वाई ते सांगली, दोघंच, चार दिवस: कुठे थांबू?

ठाणेकर दोघे
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि बायको गाडी घेऊन निघतोय. लग्नाला अकरा वर्षं झाली, लेकीला आजीकडे सोडून पहिल्यांदाच दोघं. महाबळेश्वर-पाचगणी तीनदा झालंय, ते नको. जुनी गावं, घाट, वाडे, देवळं असं बघायचंय. यादी अशी: वाई, मेणवली, लिंबची विहीर, सातारा, सज्जनगड, कास, औंध, कराड, औदुंबर, सांगली, मिरज, नरसोबाची वाडी, खिद्रापूर. चार दिवसांत बसेल ना? मुक्काम कुठे करावा?

कृष्णाकाठची
यादी वाचूनच दम लागला. ही सहल आहे की तलाठ्याचा पंचनामा?

माझं माहेर सांगली, सासर सातारा. ३१ वर्षं हा रस्ता केला, तो एसटीच्या खिडकीतून. कराडच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबायची. तेवढ्यात एक चहा आणि पोरांना बाजूला नेऊन आणायचं, एवढंच माझं कराड. गेल्या वर्षी हे रिटायर झाले, एक जुनी वॅगनआर घेतली, आणि मी सांगून टाकलं, आता माहेरी जायचं ते उतरत उतरत. सव्वाशे-दीडशे किलोमीटरला आम्ही तीन दिवस लावले. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, ते सोडा.

तर माझं ऐका. गावं मोजू नका, संगम मोजा. कृष्णा, वेण्णा, कोयना तिघी महाबळेश्वरच्या, एका घरच्या. पण निघाल्या वेगवेगळ्या वाटांनी. वेण्णा कृष्णेला भेटते साताऱ्याजवळ माहुलीत, कोयना कराडात. वारणा मात्र दुसऱ्या घरची, ती हरिपुरात येऊन मिळते. या धाग्याने निघालात तर यादीतली निम्मी गावं आपोआप गळतील आणि हळहळ वाटणार नाही. कास तर आत्ताच खोडा, डिसेंबरात तिथे फुलं नसतात.

पहिला मुक्काम वाई. सुरूर फाट्याला वळायचं. ढोल्या गणपतीला सगळेच हात जोडतात, तुम्ही देवळाला वळसा घालून मागे जा. मागची भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे, पुराचं पाणी आपटण्याऐवजी दोन बाजूंना फुटावं म्हणून. रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं देऊळ अजून नदीत पाय रोवून उभं आहे ते काय उगाच? गाडी मात्र घाटाजवळच्या गल्ल्यांत घालू नका. आमच्या ह्यांनी घातली. समोरून आलेल्या दुधाच्या टेम्पोवाल्याने काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

सकाळी मेणवली, वाईपासून ३ किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा बघा, पण ऊन चढायच्या आत घाटावर या. मेणेश्वराच्या देवळाशी मोठी घंटा आहे, पोर्तुगीज चर्चची. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हाची. मी पायरीवर बसले आणि हे मला घंटेचा इतिहास सांगू लागले. म्हटलं, तीस वर्षांत कधी बोलला नाहीत एवढं, थोडं उद्याला ठेवा.

लिंबची विहीर हायवेपासून जवळ आहे, ती गाळू नका. शिलालेखात शके १६४१ ते १६४६ आहे, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. विरूबाई भोसल्यांनी बांधली. नाव बारा मोटेची, सोय पंधरा मोटांची. आणि विहिरीच्या पोटात चक्क छोटा महाल! भर दुपारी जा, आत गार असतं.

साताऱ्यात राजवाड्यासमोर कंदी पेढे घ्या आणि संध्याकाळी संगम माहुली गाठा. विश्वेश्वराचं देऊळ, घाट, आणि थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी. हो, कुत्र्याची. आमच्या शेजारी एक आजोबा बसले होते, ते म्हणाले, माणसांच्या समाध्यांकडे कोण बघत नाही, ह्याच्याकडे सगळे बघतात.

कराडला प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा अगदी समोरासमोर येऊन भिडतात आणि मग दोघी मिळून वळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. मी तासभर बसले. ज्या स्टँडवर आयुष्यभर दहा मिनिटं मोजली, त्याच्या इतक्या जवळ हे होतं.

कराडहून सांगलीला अंधार पडायच्या आत पोचा, हे मात्र कळकळीने सांगते. ऊसाचा हंगाम असतो. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, आणि पुढे गाणी एवढ्या मोठ्याने की तुमचा हॉर्न त्याला ऐकूच येत नाही.

सांगलीचं मी काय सांगू, माहेर आहे. गणपती मंदिर, भडंग, आणि आयर्विन पूल. १९२९ चा. पावसाळ्यात आमच्याकडे कोणी ‘काय चाललंय’ विचारत नाही, ‘आयर्विनला किती फूट’ विचारतात. ४५ ला धोका. २०१९ मध्ये ५७ च्या वर गेलं आणि आईच्या घरात कपाटाच्या वरच्या फळीला पाणी लागलं. डिसेंबरात त्याच पुलावरून खाली बघाल तर खरं वाटणार नाही. मग हरिपूर. तिथे गावात जमिनीखाली हळद साठवायची पेवं असायची, २००५ च्या पुरात बरीच गेली. संगमेश्वरापुढे बसा आणि कृष्णाकाठची वांगी कुठे मिळाली तर खा. बास.

औंधचा भाचा
ताईंनी औंध गाळलं! नदी नाही म्हणून? भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा आहे, हेन्री मूरचं ‘मदर अँड चाइल्ड’ हे शिल्प आहे. १९३८ पासून टेकडीवर आहे, तेही एका छोट्या संस्थानाच्या राजाने उभं केलेलं. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे जायचं आणि पुसेसावळीवरून कराडला उतरायचं. सोमवार टाळा, बंद असतं.

मिरजेचा पोरगा
आणि मिरज काय, जंक्शन म्हणून सोडता व्हय? सांगलीपासून दहा किलोमीटर. सतारमेकर गल्लीत जावा, दुकानात शिरून नुसतं विचारा, कुणी हाकलत नाही. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूरकडनं येतात, वाळवून वाळवून मगच कामाला घेतात. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. मीरासाहेब दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर हाय, १९३७ ला गेले ते. उरुसाला मोठमोठे गवई येऊन गातात. तुमच्या वेळेला उरूस नसंल, पण शांतता असंल.

ठाणेकर दोघे
सगळ्यांचे आभार. ताई, यादी फाडली. सांगलीत लॉज कुठलं घ्यावं?

कृष्णाकाठची
नाव नाही सांगत. माहेरी भाऊ आहे तरी हट्टाने लॉजवर उतरलो, तर शेजारी मंगल कार्यालय. वरात रात्री दोनपर्यंत. एवढंच बघा, शेजारी कार्यालय नको. औंधच्या भाच्याचं बरोबर आहे, जा. माझा नदीचा हट्ट आहे, तुमचा असायलाच हवा असं नाही.

ठाणेकर दोघे
काल परत आलो. औंध केलं, त्यामुळे कराडला पोचेपर्यंत अंधार झाला आणि ऊसाच्या भीतीने तिथेच मुक्काम केला. तो ठरलेला नव्हता, पण सकाळी सहाला प्रीतिसंगमावर धुकं होतं, दोन्ही नद्या दिसतच नव्हत्या, नुसता आवाज. बायको म्हणाली, थांबू. आठ वाजता एक दिसायला लागली, मग दुसरी. मिरजेत एका कारागिराने तिच्या हातात तंबोरा दिला. ती शाळेत गायची हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं. भडंग पुण्याच्या अलीकडेच संपलं. नरसोबाची वाडी आणि खिद्रापूर राहिलं.

कृष्णाकाठची
राहू दे. वाडीला पंचगंगा मिळते. चौथी. मीही अजून तिथवर पोचले नाही, ह्यांच्या गाडीचा क्लच गेलाय.