मदत हवी आहे: खासदार अपात्र झाला, हे नक्की ठरवतं कोण?

नमस्कार मंडळी. अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवतो, संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या पोरांची एक बॅच घेतो. गेल्या आठवड्यात माझी चांगलीच फजिती झाली, म्हणून हा धागा.

फळ्यावर राज्यघटनेच्या अनुच्छेद १०२ मधली खासदाराच्या अपात्रतेची कारणं लिहिली: लाभाचं पद, न्यायालयाने मनोविकल ठरवणं, दिवाळखोरी, परकीय नागरिकत्व आणि संसदेच्या कायद्याने येणारी अपात्रता. खाली ठोकून दिलं, 'निर्णय राष्ट्रपतींचा, निवडणूक आयोगाच्या मतानुसार, अनुच्छेद १०३.' एक मुलगी उठली. "सर, राहुल गांधींना सुरतच्या कोर्टाने २३ मार्च २०२३ ला शिक्षा सुनावली, २४ ला लोकसभा सचिवालयाची अधिसूचना निघाली. मधे राष्ट्रपती आले कुठे?"

मी "उद्या बघू" म्हणालो. तो उद्या आता सोमवारी आहे.

आणखी एक. परवानगीशिवाय साठ दिवस सभागृहात गैरहजर राहिलं तर खासदाराची जागा जाऊ शकते, त्या साठ दिवसांत शनिवार-रविवार धरायचे का? गाइडं चाळली, सगळ्यांत तेच एक वाक्य उतरवलेलं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

काळा_कोट:
सर, पोरगी हुशार आहे, तिला वकिलीला पाठवा.

घोळ होतो तो १०१ वगळून थेट १०२ शिकवल्यामुळे. १०१(३)(क) म्हणतो की सदस्य अपात्र झाला की त्याची जागा रिकामी होते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ८(४) मध्ये पूर्वी विद्यमान सदस्यांना एक पळवाट होती: तीन महिन्यांत अपील केलं की निकाल लागेपर्यंत खुर्ची शाबूत. १० जुलै २०१३ ला लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पोटकलम घटनाबाह्य ठरवलं आणि अशा वेळी जागा आपोआप रिकामी होते असं सांगितलं. त्याच वर्षी रशीद मसूद आणि लालूप्रसाद यादव यांची खासदारकी गेली. म्हणजे सचिवालय निर्णय देत नाही, झालेली गोष्ट कळवतं. १०३ लागतो तो 'हा अपात्र झालाय का?' असा प्रश्न उभा राहिला तर. २०२३ मध्ये काही वकिलांनी तरीही राष्ट्रपतींकडे जायला हवं होतं असं म्हटलं, तेही वर्गात सांगा.

१०३ चं खरं उदाहरण जया बच्चन यांचं. उत्तर प्रदेश चित्रपट विकास परिषदेचं अध्यक्षपद लाभाचं ठरून २००६ मध्ये राज्यसभेची जागा गेली. त्यांचं म्हणणं, मी पैसे घेतलेच नाहीत. न्यायालय म्हणालं, घेतले की नाही हा मुद्दाच नाही, पदाला आर्थिक लाभ जोडलेला आहे का ते बघायचं. लगेच संसदेने कायदा दुरुस्त करून कितीतरी पदं सवलतीच्या यादीत घातली. स्वतःच्या अंगणात साप निघाला की काठी लवकर सापडते!

सावनेरकर:
कोटसाहेब, शिक्षेला स्थगिती आणि दोषसिद्धीला (म्हणजे दोषी ठरवण्यालाच) स्थगिती यातला फरकही लिहा. आमच्याकडे लोक अजून त्यावरून भांडतात.

काळा_कोट:
बरोबर, तोच कळीचा मुद्दा. तुमच्या सावनेरचे आमदार सुनील केदारांना नागपूर जिल्हा बँक प्रकरणात २२ डिसेंबर २०२३ ला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि आमदारकी गेली. पुढे उच्च न्यायालयातून जामीन मिळाला, शिक्षा स्थगित झाली, पण दोषसिद्धी कायम राहिली, म्हणून २०२४ ची विधानसभा लढवता आली नाही. राहुल गांधींच्या बाबतीत ४ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीलाच स्थगिती दिली, ७ ऑगस्टला खासदारकी परत. तुरुंगाबाहेर असणं आणि पात्र असणं या वेगळ्या गोष्टी.

आणि सर, फळ्यावर 'दोन वर्षांपेक्षा जास्त' लिहू नका. कलम ८(३) म्हणतं, दोन वर्षांपेक्षा कमी नाही. सुरतचा निकाल बरोब्बर दोन वर्षांचा होता, आणि बदनामीला तेवढीच कमाल शिक्षा. एक दिवस कमी असता तर खासदारकी वाचली असती. स्थगिती देताना सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच बोट ठेवलं, की कमाल शिक्षा का दिली याचं कारणच निकालात नाही. ८(१) मधल्या गुन्ह्यांना, उदाहरणार्थ लाचलुचपत, नुसता दंड झाला तरी सहा वर्षं बाहेर. ८(२) मध्ये साठेबाजी, अन्न-औषधांतली भेसळ आणि हुंडा, तिथे सहा महिन्यांची शिक्षा पुरते. हे गाइडात क्वचितच असतं.

पाटलीणबाई:
पक्षांतराचं कोणी काही बोलेना! दहावी अनुसूची, १९८५. तिथे ना राष्ट्रपती ना आयोग, लोकसभेत अध्यक्ष आणि राज्यसभेत सभापती. डिसेंबर २०१७ मध्ये तेव्हाचे सभापती व्यंकय्या नायडूंनी शरद यादव आणि अली अन्वर यांना काही महिन्यांत घरी पाठवलं. आपल्याकडे शिवसेना फुटल्यावर २०२२ मध्ये आलेल्या अपात्रतेच्या अर्जांचा निकाल १० जानेवारी २०२४ ला लागला, आणि अपात्र कोण? कोणीच नाही. अनुसूची तीच, पण मुदत लिहिलेली नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन महिने म्हटलं होतं, ऐकतो कोण.

काळा_कोट:
साठ दिवस राहिले. अधिवेशन संस्थगित (म्हणजे सत्र समाप्त) असताना किंवा सभागृह सलग चार दिवसांपेक्षा जास्त तहकूब असताना ते दिवस मोजायचे नाहीत. शनिवार-रविवार दोनच, म्हणजे मोजायचे. आणि हे आपोआप होत नाही: सभागृह जागा रिकामी जाहीर 'करू शकतं', करायलाच हवं असं नाही. रजा मंजूर झाली की प्रश्नच मिटला.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. एकच शंका उरली. खासदार महुआ मोईत्रांना ८ डिसेंबर २०२३ ला लोकसभेतून काढलं, ते या यादीत कुठे बसवू?

काळा_कोट:
कुठेच नाही, ती हकालपट्टी. सभागृहाच्या विशेषाधिकारातली. २००५ मध्ये प्रश्न विचारायला पैसे घेतल्यावरून ११ खासदार असेच काढले होते. हकालपट्टी झालेला माणूस दुसऱ्या दिवशी अर्ज भरू शकतो, म्हणून तर त्या २०२४ मध्ये कृष्णनगरहून पुन्हा निवडून आल्या. वेगळ्या रकान्यात लिहा, नाहीतर ती मुलगी परत उठेल.