फोटो ‘ब्लर’ आलाय म्हणजे नेमकं काय झालंय?

हौशी छायाचित्रकार एकमेकांचे फोटो बघतात तेव्हा ‘ब्लर’ हा शब्द सतत ऐकू येतो. ‘छान आहे, पण जरा ब्लर वाटतोय.’ ज्याने फोटो काढला त्याने यातून काय घ्यायचं? कॅमेरा हलला होता, फोकस भलतीकडे गेला होता, हवेत धुरळा होता की फोटो पाठवताना लहान झाला, काहीच कळत नाही. मराठीत हललेला, धूसर, पुसट, अंधुक, अस्पष्ट असे कितीतरी शब्द आहेत. ते सगळे एकाच अर्थाचे की प्रत्येकाची जागा वेगळी? अभिप्राय देताना कोणता कधी वापरावा? पुढे त्यावरची चर्चा आहे; प्रत्येक रेघेनंतर बोलणारा बदलतो.

———

जागा वेगळी आहे. ती पाळली तर दोष कुठून आला हे त्या शब्दातच सांगून होतं, म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

‘हललेला’ हा यातला सगळ्यात नेमका शब्द. ‘फोटो हललाय’ हे कॅमेरा हातात न धरलेला माणूसही म्हणतो आणि बरोबर म्हणतो. शटर (कॅमेऱ्यात प्रकाश आत सोडणारा पडदा) उघडं असताना काहीतरी सरकलं, एवढाच त्याचा अर्थ. फोटोतले उजेडाचे ठिपके बघा. ते ठिपके न राहता छोट्या रेघा झाल्या असतील, आणि सगळ्या रेघा एकाच दिशेला असतील, तर कॅमेरा हललाय. उपाय शटरच्या वेगात आहे. हातात कॅमेरा धरून काढताना शटरचा वेळ निदान ‘एक भागिले लेन्सची फोकल लेंग्थ’ इतका कमी ठेवावा, असा जुना ठोकताळा आहे. फोकल लेंग्थ म्हणजे लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेला आकडा. 50 मिमी लेन्सला 1/50 सेकंद, 200 मिमीला 1/200. सेन्सर (कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप) लहान असेल तर आकडा सहसा दीडपट धरायचा, म्हणजे 200 मिमीला 1/300. हा 35 मिमी फिल्मच्या काळचा अंदाज आहे. हल्लीच्या सेन्सरवर फोटो मोठा करून बघितला की थोडी हालचालही दिसते, म्हणून त्याहून वेगवान शटर ठेवलेलं बरं.

‘धूसर’ मी फक्त हवेसाठी राखून ठेवीन. संस्कृतात धूसर म्हणजे धुळीच्या रंगाचा, करडा. दूरचा डोंगर पांढुरका दिसतो, काळा रंग काळा राहत नाही, कडा मात्र जागच्या जागी असतात. हवेतल्या कणांवरून प्रकाश विखुरतो म्हणून हे होतं. इथे शटर किंवा फोकस बदलून काही साधत नाही. पाऊस पडून गेल्यावर किंवा पहाटे काढावा, नाहीतर विषयाच्या जवळ जावं. लेन्सवर बोटाचा ठसा असला तरी असाच पांढुरका पडदा येतो, म्हणून फोनवर काढलेला फोटो धूसर दिसला तर आधी लेन्स पुसावी.

———

‘हललेला’मध्ये दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या वेगळ्या करू या. कॅमेरा हलला की सगळी चौकट फिसकटते. समोरचा विषय हलला तर तेवढाच फिसकटतो आणि मागची भिंत स्वच्छ राहते. बोलताना आपण हा फरक सहज करतो: ‘हात हलला’ आणि ‘पाखरू हललं’. अभिप्रायातही असंच लिहावं, कारण दोन्हींचे उपाय निराळे आहेत. लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सावरतं, त्याच्या भरवशावर बरंच संथ शटर वापरता येतं. पाखराचे पंख ते थांबवू शकत नाही, तिथे 1/1000 किंवा त्याहून वेगवान शटरच लागतं. ट्रायपॉडचंही तेच. ‘फोटो हललाय’ एवढंच ऐकून पाखरांचे फोटो काढायला ट्रायपॉड घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

शिवाय मुद्दाम हलवलेला फोटोही असतो. धावत्या सायकलीबरोबर कॅमेरा फिरवत 1/30 च्या आसपास काढला की सायकल बऱ्यापैकी स्वच्छ येते आणि मागची झाडं आडव्या रेघा होतात. त्याला हललेला म्हणणं अन्यायाचं आहे. ‘पॅनिंग’ हा शब्द रुळलाय, तोच ठेवावा.

———

मग फोकस चुकलेल्या फोटोला काय म्हणायचं? मी ‘पुसट’ म्हणतो.

———

‘पुसट’ मला तिथे पटत नाही. पुसट म्हणजे पुसत आलेलं. पाटीवरची अक्षरं पुसट होतात, शिक्का पुसट उठतो. आकार कळतो, ठसा फिका असतो. फोटोत हे वर्णन कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडद भागांतला फरक, कमी असण्याला लागू पडतं. ‘अंधुक’मध्ये उजेडाची उणीव आहे, किंवा पाहणाऱ्याच्या डोळ्यांची. एक्स्पोजर (सेन्सरवर पडलेला एकूण प्रकाश) कमी पडलेल्या फोटोला तो चपखल बसतो. फोकसच्या चुकीत ठसा किंवा उजेड कमी झालेला नसतो. एका बिंदूतून आलेला प्रकाश सेन्सरवर बिंदू न होता छोटी चकती होऊन पसरलेला असतो.

यासाठी मराठीत विशेषण नाही आणि त्याची गरजही नाही, कारण क्रियापद आहे. ‘फोकस बसला नाही’, ‘फोकस मागे गेला’, ‘फोकस डोळ्यावर न बसता कानावर बसला’. हे बोलणं विशेषणापेक्षा सरस आहे, कारण फोकस चुकला एवढ्यावर न थांबता तो कुठे गेला हेही त्यात येतं. चुकलेल्या फोकसची खूणही तीच: चेहरा मऊ, पण खांद्यावरची वीण किंवा मागचं पान कुठेतरी लख्ख. काहीच लख्ख नसेल तर हाताबद्दल शंका घ्यावी. लेन्सचं छिद्र मोठं (म्हणजे एफचा आकडा लहान), अंतर कमी आणि फोकल लेंग्थ मोठी असली की लख्ख पट्टा अगदी अरुंद होतो. 85 मिमी लेन्स एफ/1.8 ला ठेवून जवळून चेहरा काढला तर एक डोळा पट्ट्यात येतो आणि दुसरा बाहेर राहतो.

पाठ्यपुस्तकात फोकससाठी ‘नाभी’ आहे आणि ‘नाभीय अंतर’ हा शब्द भिंगाच्या गणितात उत्तम चालतो. पण ‘नाभी बसली नाही’ असं कुणी म्हणणार नाही. मूळ लॅटिन ‘फोकस’चा अर्थ चूल. केप्लरने 1604 मध्ये तो प्रकाशशास्त्रात आणला, तिथेही तो घरातूनच आलेला शब्द होता.

———

फोकसबाहेरच्या भागासाठी वापरला जाणारा ‘बोकेह’ राहिला. तो जपानी शब्द आहे, मूळ अर्थ अस्पष्टपणा. इंग्रजी लेखनात शेवटी ‘एच’ लावायची पद्धत 1997 मध्ये एका अमेरिकी छायाचित्रण मासिकाने रूढ केली. मराठीत ‘बोके’ लिहिलं तर मांजरं आठवतात, म्हणून ‘बोकेह’ बरा. पण ‘खूप बोकेह आलाय’ असं म्हणू नये. बोकेह म्हणजे अस्पष्ट भागाचा पोत, त्याचं प्रमाण नव्हे. पोत चांगला असेल तर ‘पार्श्वभूमी विरघळलीय’ म्हणावं. फांद्यांच्या दुहेरी कडा डोळ्यांत खुपत असतील तर ‘पार्श्वभूमी टोचतेय’. नुसते प्रकाशाचे गोळे म्हणजेच बोकेह हा समजही सोडायला हवा.

———

आणखी तीन शब्द. आयएसओ (कमी उजेडातही फोटो उजळ करणारा कॅमेऱ्यातला आकडा) फार वाढवल्यावर दिसतो तो ‘रवाळ’ फोटो. कमी उजेडात प्रकाशाचे कण विस्कळीत येतात, त्याची ही खूण. तो रवा सॉफ्टवेअरने जास्त काढला की त्वचेची छिद्रं, केसांच्या बटा जातात आणि चेहरा ‘मेणचट’ होतो. फोनचे कॅमेरे हे आपणहून करतात, त्यामुळे फोनवरचा फोटो ‘ब्लर’ वाटला की पुष्कळदा तो मेणचट असतो. तिसरा ‘फुटलेला’: लहान फाइल मोठी केली, चौकोन दिसू लागले. यात फोटो काढणाऱ्याचा दोषच नाही, त्याच्याकडे मूळ फाइल मागावी. ‘अस्पष्ट’ हा या सगळ्यांना पोटात घेणारा शब्द आहे. कारण कळत नसेल तेव्हाच तो वापरावा.

———

मूळ प्रश्न माझा होता. आता एक फोटो घेऊन बघतो: खिडकीशी बसलेलं मांजर, संध्याकाळ, 1/15 सेकंद, एफ/2.8, आयएसओ 3200. मिशा आणि डोळे लख्ख, शेपटीचं टोक फिसकटलेलं, मागच्या सावलीत दाणे, खिडकीबाहेरची झाडं पांढुरकी. यावर ‘ब्लर आहे’ हेच लिहिलं गेलं होतं.

———

त्यावर मी असं लिहीन: हात स्थिर आहे, फोकस डोळ्यांवर नीट बसलाय. शेपूट हललंय, ते राहू द्या, मांजर जिवंत वाटतं. सावली रवाळ आहे, पण तो रवा काढायला गेलात तर मिशा मेणचट होतील. बाहेरची झाडं धूसर दिसतायत ती हवेमुळे की काचेमुळे, हे खिडकी उघडून पुन्हा काढल्यावर कळेल.