पंचविशीनंतरच्या मुलांचा विमा

पंचविशी उलटली की मुलांनी आई-वडिलांच्या कंपनीच्या पॉलिसीत न राहता आपला आरोग्य विमा आपण काढावा, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. मी लोट्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. मुलगा सव्वीसचा, डिप्लोमा झालेला, पण काम कंत्राटी: सहा महिने काम, दोन महिने घरी. गेल्या आषाढात लावणीनंतर त्याला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यात शेतातल्या पाण्यातून होणारा ताप) झाला. पंचविशीची मर्यादा ओलांडली म्हणून कंपनीच्या पॉलिसीतून त्याचं नाव आधीच गळलेलं. चिपळुणातून मुंबईला हलवावं लागलं आणि आंब्याचे आलेले सगळे पैसे त्यातच गेले.

ईएसआय या सरकारी कामगार विमा योजनेत अवलंबून असलेल्या अविवाहित मुलीला वयाची अट नाही, मुलाला मात्र शिकत असेल तर २१ पर्यंतच. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने आई-वडिलांच्या विम्यात राहण्याची मुलांची वयोमर्यादा २६ केली. आपल्याकडे निदान ३० हवी. हप्त्यातला फरक आम्ही भरू, पण युनियनने कंपनीच्या पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या आधीच ही मागणी लावून धरावी.

आणि एक. नाव गळण्याआधीच त्याच विमा कंपनीकडे मुलासाठी वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन, म्हणजे बदली, मागा. आधीची वर्षं प्रतीक्षाकाळात धरली जातात, नाहीतर आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च मिळायला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. मला हे वेळेत कुणीच सांगितलं नाही.