मदत हवी आहे: जीसीसी १५ वर जुना कर्नल बिल्ड होत नाही (इंदूर)

मंडळी, नमस्कार. इथल्या रामबाग भागातल्या मुलांना ऑपरेटिंग सिस्टिम आतून कशी असते ते दाखवायचं म्हणून २०२३ चा लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.६ सोर्सपासून बिल्ड करतोय, म्हणजे मूळ कोडपासून स्वतः तयार करतोय. मशीनवर जीसीसी १५ हा सी भाषेचा कंपायलर आहे. एरर अशी: कर्नलची हेडर फाइल स्टडडेफ डॉट एच, ओळ ११, ‘फॉल्स’ हा कीवर्ड एन्युमरेशनमध्ये वापरता येणार नाही. पाठोपाठ ‘बूल’च्या टाइपडेफवर तीच रड.

कारण कळलंय. जीसीसी १५ आपणहून सी२३ (सी भाषेची नवी आवृत्ती) धरतो आणि त्यात बूल, ट्रू, फॉल्स कीवर्ड झालेत. मुख्य मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांची फाइल) जीएनयू११, म्हणजे सीची जुनी आवृत्ती, लिहिलेलं आहे, पण एक्स८६ प्रोसेसरसाठीचा रिअलमोड हा सुरुवातीच्या बूटचा कोड कंपायलरला द्यायचे स्वतःचे वेगळे फ्लॅग घेतो. तिथे जीएनयू११ घातल्यावर गाडी पुढे सरकली ती थेट बूटच्या कॉम्प्रेस्ड फोल्डरमध्ये अडकली.

असे वेगळे फ्लॅगवाले आणखी कुठले भाग आहेत? ईएफआय (मशीनचं बूट फर्मवेअर) साठीच्या लिबस्टब या भागालाही हेच करावं लागेल का? जीसीसी १४ टाकून सुटेल, पण मला मेकफाइलच दुरुस्त करायची आहे, कारण मुलांना नेमकं तेच शिकवायचंय. इंदुरात कोणी हे केलं असेल तर कृपया सांगा, लॅपटॉप घेऊन मीच येईन.