यादी जानेवारीपासूनच का?

आपल्या बागेत वर्षभरात दिसलेल्या पक्ष्यांची यादी ठेवताना, नुसते डोक्यावरून उडत गेलेले पक्षी त्यात धरू नयेत असं काहीजण म्हणतात. ते मत मला काही पटलं नाही. घारी नि पाकोळ्या आपल्या कुंपणात उतरायच्या कधी? मी त्यांच्या नावापुढे ‘वरून’ एवढंच लिहितो.

खरी गोची १ जानेवारीला यादी कोरी करण्यात आहे. टाकीच्या ओघळाशी शेपूट हलवत फिरणारा करडा धोबी हा पक्षी आमच्याकडे पुण्यात पावसाळा सरता सरता येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी जातो. कॅलेंडरप्रमाणे मोजलं तर त्याचा एकच मुक्काम दोन वर्षांत तुटतो. म्हणून माझं वर्ष जून ते मे. आफ्रिकेतून पावसाच्या जरा पुढे-मागे येणारा चातक मग आपसूक यादीच्या सुरुवातीला बसतो. मात्र पहिल्या दर्शनाइतकीच शेवटच्या दर्शनाचीही तारीख टिपा. ती बहुतेकांच्या वहीत नसतेच.